कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी: खिशातली की चाकावरची?

गेल्या काही महिन्यांत तिसऱ्या मित्राने हाच प्रश्न विचारला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कॅज्युअल्टीत सोनोग्राफी हवीच, यावर आता वाद उरलेला नाही. मोबाइलला जोडायचं हँडहेल्ड घ्यायचं की ढकलत न्यायचं कार्ट, एवढंच ठरवायचं असतं. नागपुरातल्या एका चाळीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात मी दोन्ही वापरतो. आधी हँडहेल्ड घेतलं, दीड वर्षाने कार्ट. रेडिओलॉजिस्ट मित्रांनी हसू नये. आम्हाला रिपोर्ट लिहायचा नसतो, पोटात रक्त आहे का आणि फुप्फुस हलतंय का, एवढंच बघायचं असतं.

हँडहेल्डची बाजू आधी मांडतो, कारण त्याच्यावर माझा जीव होता. क्रिस्टलऐवजी चिप, त्यामुळे एकाच प्रोबवर (अंगावर टेकवायच्या त्या दांड्यावर) पोट, हृदय, छाती सगळं होतं. रात्री दोनला दम लागलेले आजोबा येतात. दमा आहे की हार्ट फेल्युअर, ते स्टेथोस्कोप नीट सांगत नाही. दोन्ही बाजूंना प्रोब टेकवला, बी-लाइन्स (फुप्फुसात पाणी साचल्याच्या उभ्या रेघा) भरभरून दिसल्या, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स दिलं, एक्स-रेवाल्या मामांना उठवावं लागलं नाही. हे सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. किमतीचं म्हणाल तर मला मिळालेल्या कोटेशनांत कार्ट चार-पाच पट महाग होतं.

शिवाय नवीन जे काही येतंय, ते बहुतेक हँडहेल्डच्या अ‍ॅपमध्ये झपाट्याने येतं. प्रोब कुठे सरकवायचा, किती तिरका करायचा हे सांगत हृदयाचे व्ह्यू मिळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी संस्था) २०२० मध्येच मान्यता दिली. आमच्या ज्युनिअर मुलांना असलं काही फार आवडतं. मला मात्र रात्री तीनला ‘लॉगिन संपलं आहे, पुन्हा करा’ असं सांगणारं यंत्र आवडत नाही. असो.

चित्राचं म्हणाल तर पोटासाठी फारसा फरक मला जाणवला नाही. लिव्हर आणि किडनीच्या मधली रक्ताची ती काळी फट दोन्हींत दिसते, आणि साधारण २०० मिलीपेक्षा कमी रक्त असलं तर दोन्ही फसवू शकतात. छातीवर मात्र फरक पडतो. चिपवाल्या प्रोबचं तोंड रुंद. समृद्धीवरून आणलेला एखादा काटकुळा ड्रायव्हर असला की दोन बरगड्यांच्या मध्ये ते बसतच नाही. एक कड हवेत राहते, जेल ओघळून गादीवर जातं आणि प्लुरा, म्हणजे फुप्फुसाचं आवरण, सरकतोय की आपला हात, तेच कळत नाही. कार्टचा सरळ तोंडाचा लिनिअर प्रोब तिथे अलगद बसतो. आपल्या मे महिन्यात आणखी एक भर पडते. दार सतत उघडं, एसीने हात टेकलेले, आणि प्रोब ‘गरम झालोय’ म्हणून मध्येच थांबतो. आमच्याच युनिटची ती खोड असेल, नाकारत नाही.

पण एवढ्यासाठी मी कार्ट घेतलं नसतं. घेतलं ते किल्लीपायी.

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा १९९४चा, तो आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पोर्टेबल यंत्रांवरचे वेगळे निर्बंध २०१२च्या दुरुस्तीत आले. यंत्र नोंदणीच्या जागेतच वापरायचं, बाहेर न्यायचं नाही. कायद्याचं कारण रास्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्र हातात मावणारं असलं की व्यवस्थापनाची झोप उडते. कुणी पिशवीत घालून नेलं तर? तपासणीच्या दिवशी सापडलं नाही तर सील कुणाला लागणार? म्हणून आमचं हँडहेल्ड गेलं कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे, आणि शेजारी सहीचं रजिस्टर. खिशात मावतं म्हणून घेतलं, आणि खिशात मावतं म्हणूनच कुलपात गेलं!

एका रात्री अमरावती रोडवरून बाइकचा अपघात आला. बीपी ८० च्या आसपास, उजव्या छातीला मार, श्वास वर-वर. मी किल्ली मागितली. सिस्टर म्हणाल्या, “सर, ती मोठ्या सिस्टरच्या पर्समध्ये राहून गेली, त्या घरी गेल्या.” मामा कपाटाची कडी हलवून बघतायत, एक जण फोन लावतोय, आणि माझ्या हातात जेलची बाटली. शेवटी स्टेथोस्कोप आणि अंदाज यांच्या भरवशावर आयसीडी (छातीतली हवा काढणारी नळी) टाकली. हवा फसफसत बाहेर आली, पोरगा सुधारला. टेन्शन न्यूमोथोरॅक्सला (छातीत हवा कोंडून फुप्फुस दबलं की) तसंही स्कॅनची वाट बघायची नसते, हे मलाही कळतं. पण पोटात काय आहे हे बघायला सीटीच्या टेबलापर्यंत थांबावं लागलं, ते मला आवडलं नाही.

कायदा कार्टलाही तोच आहे. पण कार्ट कुणी पर्समध्ये टाकून घरी नेत नाही, त्यामुळे ते ट्रॉमा बेडच्या डोक्याशी चोवीस तास प्लगला लावलेलं उभं असतं. त्याचे ताप वेगळे. सुरू व्हायला मिनिटभर घेतं, वायरी चाकात अडकतात, आणि सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत नळी घालायला) आयसीयूवाले नेतात ते मागितल्याशिवाय परत करत नाहीत. तरी निदान ते कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. वरच्या मजल्यावर एक मामा पाठवला की येतं.

तुम्ही एकटेच डॉक्टर असाल, नोंदणीत नाव तुमचं आणि किल्लीही तुमच्याच कमरेला, तर हँडहेल्ड घ्या, पैसे वाचतील. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांसारख्या गर्दीच्या ठिकाणचं गणित निराळं असेल, त्यावर मी बोलू नये. पण तीन शिफ्ट, बदलते आरएमओ (ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर) आणि बदलत्या सिस्टर असं आमच्यासारखं दुकान असेल, तर माझा कल तुमच्या लक्षात आलाच असेल.

हँडहेल्ड आम्ही विकलेलं नाही. सकाळच्या राउंडला निघतं, अकरापर्यंत परत कपाटात. आता किल्ल्या दोन केल्या आहेत. दुसरी कुणाकडे असते, ते मात्र मला विचारू नका.