‘रंग जन्मजात आहे’ म्हणून विकलेला कोटेड स्फटिक : ठाण्यातला अनुभव

घोडबंदर रोडवरच्या एका हॉलमधल्या प्रदर्शन-विक्रीत आईने साडेचार हजारांना स्फटिकांचा गुच्छ घेतला. गर्द निळा, हलवला की जांभळी-सोनेरी झाक मारणारा. ‘हिमालयातला आहे, रंग जन्मजात,’ असं विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं. वर ‘गुडघ्यांवर ठेवत जा, महिन्याभरात दुखणं पळेल’ हेही. दुखण्याने बेजार झालेल्या बाईला असं सांगून माल गळ्यात मारायचा, याची मला जास्त चीड आहे.

घरी नीट पाहिलं तर बुडाशी एक टवका उडालेला. आत रंगाचा मागमूस नाही, नुसती पांढरट गारगोटी. अ‍ॅमेथिस्ट या जांभळ्या खड्यासारखा मुळात रंगीत क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटीच) फुटला तर रंग आतही दिसतो. इथे तो फक्त पृष्ठभागावर होता. नौपाड्यातल्या एका रत्नपारख्याने भिंग लावलं आणि लगेच सांगितलं, ‘धातूचं कोटिंग आहे.’

बाजारात याला ऑरा क्वार्ट्झ म्हणतात. साधा क्वार्ट्झ निर्वात चेंबरमध्ये तापवून त्यावर टायटॅनियम किंवा सोन्याची वाफ बसवतात. सोन्याच्या थराने चक्क निळा रंग येतो, तोच ‘अ‍ॅक्वा ऑरा’. थर इतका पातळ असतो की पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे रंग खेळतात. कोटिंग करण्यात गैर काही नाही. सांगून विकलं तर हौसेने घ्यावं, पण मग भावही त्याच हिशेबाने हवा.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, ‘बिलावर नॅचरल कुठे लिहिलंय?’ खरंच, बिलावर फक्त ‘डेकोरेटिव्ह स्टोन’. म्हणून पैसे देण्याआधीच ‘नैसर्गिक, कोटिंग नाही’ असं बिलावर लिहून मागा. अस्सल माल असेल तर कुणी आढेवेढे घेणार नाही. नजर तयार करायची असेल तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून या. आपल्याच काळ्या कातळाच्या पोकळ्यांतून निघालेले स्फटिक तिथे आहेत. त्यातल्या बहुतेकांचे रंग किती सौम्य असतात ते कळेल.

पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे विक्रेत्याचं नाव तरी हाती आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते. त्या प्रदर्शनातून आणखी कुणी असा गुच्छ घेतला असेल तर बिल आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आणि मला कळवा. तक्रार मिळून करू.