ट्रायल न घेता शिवलेला निळा सूट

पुस्तकांवर लिहिणं हा माझा धंदा नाही. अमळनेरला माझं टेलरिंगचं दुकान आहे. एक गाळा, दोन मशिनी, एक कारागीर, फक्त जेन्ट्स. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो आणि वडील गेले म्हणून त्यांच्या स्टुलावर बसलो, तो अजून बसलोय. पुण्याच्या भाच्यानं दिवाळीनंतर अँड्र्यू शॉन ग्रीअर या अमेरिकन लेखकाची दोन पुस्तकं पाठवली, 'लेस' आणि 'लेस इज लॉस्ट'. सोबत चिठ्ठी होती: "मामा, यात एक सूट आहे. तुमच्यासाठी." भाच्याला माझ्याबद्दल किती ठाऊक आहे ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

सूट खरंच आहे, अगदी सुरुवातीलाच. सॅन फ्रान्सिस्कोचा आर्थर लेस हा पन्नाशीला टेकलेला, कुणाच्या फारसा लक्षात न राहणारा लेखक. तो मागे हो ची मिन्ह सिटीत गेलेला असतो. उकाडा असह्य होतो, एसी दिसतो म्हणून एका शिंप्याच्या दुकानात शिरतो. गाड्यांच्या धुराच्या आणि उसाच्या रसाच्या गुंगीत सूटची ऑर्डर देतो, घरचा पत्ता लिहून देतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरतो. दोन आठवड्यांनी घरी पार्सल येतं. निळा सूट, आत राणी कलरचं अस्तर, त्यावर त्याची आद्याक्षरं. मग तो सूट म्हणजेच लेस, अशी त्याची ओळख होऊन बसते.

इथं मी पुस्तक मिटलं. ट्रायल नाही, कच्ची शिलाई नाही, आणि कोट बसला? पँटचं एक वेळ मी मान्य करीन. पण कोटाचा खांदा एकदा चुकला की उसवूनही धड होत नाही. माणूस एका खांद्यानं जरा तरी झुकलेला असतोच, बॅग धरून असो नाहीतर काळजीनं. ते ट्रायलशिवाय कळत नाही. दोन दिवस मी त्या व्हिएतनामी मास्तरवर जळत होतो, तिसऱ्या दिवशी पुढं वाचायला घेतलं.

गोष्ट अशी. नऊ वर्षं लेसच्या आयुष्यात असलेला फ्रेडी दुसऱ्याशी लग्न करतोय आणि पत्रिका लेसला आली आहे. जावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर हरल्यासारखं. म्हणून तो टेबलावर साचलेली सगळी साहित्यिक आमंत्रणं बाहेर काढतो आणि सरसकट होकार कळवतो. न्यूयॉर्क, मेक्सिको, इटली, जर्मनी, मोरोक्को, भारत, जपान. एका मांडवातून सुटायला पृथ्वीप्रदक्षिणा.

मी असा पळालो नव्हतो. २००० सालच्या मे महिन्यात माझ्या माणसाचं लग्न झालं आणि त्याचा सूट मी शिवला. छाती ३६, कंबर ३०. तीन ट्रायल घेतल्या. खरं तर दोन पुरल्या असत्या.

लेसच्या प्रसिद्धीचं प्रकरण मला सगळ्यात जास्त हसवून गेलं. न्यूयॉर्कला एका बड्या विज्ञानकथा लेखकाची स्टेजवर मुलाखत घ्यायला त्याला बोलावलंय. हॉटेलात न्यायला आलेल्या बाईनं त्याची कादंबरी वाचलेली आहे, पण लेखक बाईच असणार अशी तिची खात्री, म्हणून ती लॉबीभर एक बाई शोधत फिरते आणि हा समोर सोफ्यावर निळा सूट घालून बसलेला. इटलीत बक्षिसाच्या यादीत त्याचं नाव येतं, तर त्याला वाटतं काहीतरी घोटाळा झालाय, गाडीवाला चुकीच्या माणसाला घेऊन चाललाय. परीक्षक कोण, तर शाळेतली पोरं. जर्मनीत शिकवायला जातो, आपलं जर्मन फर्डं आहे अशा समजुतीत. ते जर्मन लेखकानं शब्दाला शब्द ठेवून आपल्याला ऐकवलंय. आमच्याकडचा माणूस सुरतेला जाऊन ज्या आत्मविश्वासानं हिंदी बोलतो, तेच. त्या पानांवर मी इतका हसलो की आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "हासी काबर राह्यना रे एकलाच?"

ही जातकुळी मला नवीन नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या गावात ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, २ ते ४ तारखेला. त्याच्या आधी मी तीन जाकिटं शिवली. त्यातलं एक होतं कविकट्ट्यावर वाचणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं. आतल्या खिशात कविता घडी घालून मावली पाहिजे म्हणून त्यानं खिसा दोनदा मोठा करून घेतला. त्याचा नंबर आला तेव्हा मांडवात समोर मी, त्याची बायको आणि खुर्च्या मोजणारा पोरगा. तरी त्यानं कविता दोनदा वाचली. ग्रीअर असाच माणूस घेतो, त्याची फजिती करतो, पण त्याला खाली पाडून हसत नाही. हे कसब सोपं नाही. मला अजून जमत नाही, ढेरी सुटलेल्या माणसाचं माप घेताना माझ्या तोंडून काहीतरी निघतंच.

आणि पुस्तकाचा खरा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. लेसची नवी कादंबरी प्रकाशकानं नाकारलेली आहे. एक पन्नाशीचा गोरा अमेरिकन सॅन फ्रान्सिस्कोत दुःख करत पायी फिरतो, एवढीच ती गोष्ट. मोरोक्कोत एक बाई त्याला तोंडावर सांगते की अशा माणसाची कीव करणं जरा अवघड जातं. त्याआधी पॅरिसच्या पार्टीत एक समलिंगी लेखक त्याला सुनावतो की तुझ्या पुस्तकातल्या आपल्या माणसांना तू फार रडवतोस. केरळात आल्यावर लेसला उलगडतं की आपला नायक रडका नाही, विनोदी आहे. मग तो बसतो आणि सगळी कादंबरी उसवतो. कापड तेच, माणूस तोच, दुःखही तेवढंच, पण शिलाई दुसरी. नवीन सूट कुणीही शिवेल. जुना उसवून दुसऱ्या घाटाचा करणं, त्यात जुन्या टाक्यांची भोकं दिसू न देणं, हे हातातलं काम आहे. ग्रीअरनं आपल्या पुस्तकातही ती भोकं दिसू दिलेली नाहीत.

या पुस्तकाला २०१८ सालचं पुलित्झर मिळालं. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला आपल्या सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला सोडवलं. ती बातमी मी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात वाचली आणि तो पेपर पॅटर्न कापायला घेतला नाही, एवढंच सेलिब्रेशन केलं. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये कोर्टानं दिला नाही. म्हणून पुस्तकात दोन पुरुषांच्या लग्नाची पत्रिका घरोघर सहज जाते, ते वाचताना मला ते व्हिएतनामी पार्सलपेक्षाही जास्त अद्भुत वाटलं.

तक्रारी आहेत. केरळचा भाग छोट्या स्टेशनावरून एक्सप्रेस न थांबता निघून जावी तसा जातो. देवळाचा, मशिदीचा, चर्चचा आवाज, कुत्रं, सुई, हॉस्पिटल, झालं. हो, कुत्रं. तो निळा सूट आपल्या देशात येऊन कुत्र्यानं फाडला. मला दोन दिवस अपराध्यासारखं वाटत होतं. शिवाय लेस कितीही कफल्लक म्हणवला तरी त्याला तिकिटं मिळत जातात, पन्नाशीच्या तोंडावर वाळवंटात उंटावरून फिरता येतं. माझी पन्नासावी लग्नसराईत ऐन गर्दीत आली आणि कारागीर सुट्टीवर होता. इंग्रजीही सरळ नाही. वाक्यं लांब, त्यात कंस, कंसात पुन्हा विनोद. मला सव्वा महिना लागला. पण ही गोष्ट सांगणारा मधूनच "मी" म्हणून डोकावतो, तो कोण हे कळतं तेव्हा सव्वा महिना वसूल होतो. ते मी इथं फोडणार नाही.

दुसरं पुस्तक, २०२२चं, थोडं सैल आहे. लेसचा जुना प्रियकर, मोठा कवी, वारतो आणि ज्या घरात लेस राहतोय त्याचं दहा वर्षांचं भाडं थकलंय असं निघतं. मग पैसे मिळवायला जुन्या कॅम्पर गाडीतून, एक पग कुत्रा घेऊन अमेरिकाभर भटकंती. आर्थर लेस नावाचा दुसराच एक लेखक निघतो आणि लोक याला तो समजतात, तो भाग झकास. मरणाच्या घरात हिशोबाची वही निघते हेही पटलं, आमच्याकडे तर ती दहाव्याच्या आधीच निघते. पण पहिल्याचाच कागद ठेवून कापल्यासारखं वाटतं. पहिलं वाचा, आवडलं तरच दुसऱ्याकडे जा.

मी दुसरं वाचत होतो तेव्हाच माझा तो माणूस दुकानात आला. मुलाचं लग्न ठरलंय, पत्रिका घेऊन. मुलाच्या कोटाचं माप दिलं, चहा झाला, मग पिशवीतून स्वतःचा जुना सूट काढला आणि काउंटरवर ठेवला. म्हणाला, "मास्तर, कंबर आता ३३ आहे. सुटंल का काही?"

मी पँट उलटी केली. कमरेला मागच्या शिलाईत दोन्हीकडं दोन-दोन इंच माया होती, आत राखलेलं जादा कापड. इतकी कुणी ठेवत नाही. मी म्हटलं, सुटंल, मंगळवारी ट्रायलला ये.