हळकुंड मोडून बघणारा मी, तिकीट न बघता घेतलं

सांगलीच्या मार्केट यार्डात माझा हळदीचा धंदा. राजापुरीचं हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय मी बोली लावत नाही. आणि हाच मी ३१ ऑक्टोबर २०२५ ला एका अनोळखी पोराला फोनवरून ९,००० रुपये पाठवून बसलो.

आदल्या रात्री सेमीफायनलमध्ये जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ऑस्ट्रेलियाला घरी धाडलं होतं. रविवारी नवी मुंबईत महिला वर्ल्डकपची फायनल, सलामीला आमच्या सांगलीची स्मृती मानधना. पोरगी म्हणाली, "पप्पा, जायचंच." आम्ही बघेपर्यंत ऑनलाइन तिकिटं संपलेली.

या स्पर्धेत भारतातल्या साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून होती. लोक यावेत म्हणून ठेवलेला दर, चांगलंच केलं. पण यार्डात आवक कमी पडली की सौद्यात भाव चढतो आणि ते पैसे शेतकऱ्याच्या पदरात पडतात. तिकिटाचा दर आधीच बांधलेला, गर्दी वाढली तरी तो जागचा हलत नाही. मग मधला मलिदा ब्लॅकवाल्याचा. एवढं गणित मला येतं, तिथंच घात झाला. सामाजिक माध्यमावर भेटलेला तो पोरगा एका तिकिटाचे सहा हजार म्हणाला, मी साडेचारवर आणला. घासाघीस जमली की माल खरा वाटायला लागतो.

भरवसा बसावा म्हणून त्यानं आधारकार्डाचा फोटो पाठवला. "काका, गेटवर नाव जुळायला लागतं," म्हणून माझंही मागितलं. दिलं. पैसे गेले, दोन तिकिटांची पीडीएफ आली, क्यूआर कोडसकट.

रविवारी नेरुळला पाऊस. भिजत रांगेत तासभर. गेटवरच्या पोरानं मोबाईलवर मशीन धरलं, लाल दिवा. परत धरलं, परत लाल. "काका, या कोडवर माणूस आत गेलाय." हळदीचं पोतं एकदाच विकता येतं, पीडीएफ दहा जणांना विका, जो पहिला पोचला तो आत. पोरगी काही बोलली नाही, नुसती टोपी काढून पिळत राहिली. स्मृतीच्या ४५ धावा आम्ही रस्त्याकडेच्या हॉटेलातल्या टीव्हीवर बघितल्या. ५२ धावांनी जिंकलो तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर होतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम खात्यात अडवता येते. पण पैसे शुक्रवारी गेलेले, चोरी कळली रविवारी, फोन केला सोमवारी. तोवर खातं रिकामं. तिकिटाच्या फसवणुकीत हे दोन दिवस चोराला फुकटात मिळतात. त्यानं पाठवलेल्या आधारकार्डावरचा माणूसही आधी फसलेलाच कोणीतरी निघाला.

मागच्या महिन्यात कराडचा एक मुलगा आमच्या दारात उभा. हातातल्या मोबाईलवर माझं आधारकार्ड, पत्त्यासकट.

"काका, माझी तिकिटं?"