रोजचे एक पान: भाषा, इतिहास आणि सामान्यज्ञानाच्या एका दैनिक सेवेचे परीक्षण

शब्द, व्याकरण, इतिहास आणि सामान्यज्ञान यांची थोडी थोडी माहिती रोज मोबाईलवर पाठवणाऱ्या मराठी सेवा आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यांपैकी एक सेवा मी काही महिन्यांपासून नेमाने वाचत आहे आणि हे परीक्षण तिचेच आहे. रोज सकाळी एक पान येते आणि त्यावर चार छोटी टिपणे असतात. अशा टिपणाने वाचकाला दोन गोष्टी द्यायला हव्यात असे मी मानतो. वाचून झाल्यावर 'असे का' याचे उत्तर मिळायला हवे आणि ते उत्तर पुढेही लक्षात राहायला हवे. या कसोटीवर चारही सदरे सारखी उतरत नाहीत.

व्याकरणाचे सदर निःसंशय सर्वांत सरस आहे. प्रयोग हा विषय शाळेत बहुतेकांनी व्याख्या पाठ करून उरकलेला असतो. येथे मात्र व्याख्या शेवटी येते आणि आधी एकच वाक्य घेऊन त्यात एकेक बदल केला जातो. 'शिपायाने चोर पकडला' या वाक्यात चोराच्या जागी टोळी आली की 'शिपायाने टोळी पकडली' असे होते, म्हणजे क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माचे लिंग आणि वचन घेते. दुसऱ्या दिवशीच्या पानावर त्याच कर्माला 'ला' हा प्रत्यय लावलेला असतो. आता 'शिपायाने चोराला पकडले', 'शिपायाने टोळीला पकडले' आणि 'शिपायाने चोरांना पकडले' या तिन्ही वाक्यांत क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनातच राहते. कर्मणी आणि भावे प्रयोगांतील फरक एका प्रत्ययाच्या येण्या-जाण्यावर कसा अवलंबून आहे, हे इतक्या थोड्या जागेत यापेक्षा स्पष्टपणे दाखवता आले असते असे मला वाटत नाही.

शुद्धलेखनाची टिपणेही याच शिस्तीने लिहिलेली असतात. 'गरीब'चे 'गरिबाला' होते, पण 'शरीर'चे 'शरीराला' असेच राहते, कारण सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना होणाऱ्या शब्दाच्या रूपात, उपांत्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातील) इकार आणि उकार ऱ्हस्व करण्याचा नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या तत्सम शब्दांना लागू होत नाही. नियम आणि अपवाद शेजारी ठेवल्यामुळे दोन्ही एकदमच समजतात. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 मध्ये मान्य झाले आणि 1972 मध्ये त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली, ही माहितीही ओघात येऊन जाते. त्यामुळे आज आपण पाळतो ते लेखननियम ठरवून, चर्चा करून केलेले आहेत याची वाचकाला जाणीव होते.

इतिहासाच्या सदरात 'आजच्या दिवशी काय घडले' अशी नुसती जंत्री नसते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. दिनदर्शिकेच्या सुधारणेवरील टिपण मी अनेकांना वाचायला दिले. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीच्या बहुतेक भागांत 1582 साली 4 ऑक्टोबरनंतरचा दिवस 15 ऑक्टोबर मानला गेला, एवढे सांगून ते थांबत नाही. त्याआधीच्या ज्युलियन दिनदर्शिकेचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठे होते, ही तफावत शतकानुशतके साचत गेली आणि वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असण्याचा मार्चमधील दिवस, दहा दिवस मागे सरकला, हे कारण तेथे दिलेले आहे. 1900 हे वर्ष लीप नव्हते, मात्र 2000 होते, याचा उलगडाही तेथेच होतो, कारण नव्या गणनेत 400 ने भाग जाणारेच शतकवर्ष लीप धरले जाते. ब्रिटनने हा बदल 1752 मध्ये आणि रशियाने 1918 मध्ये स्वीकारला. म्हणूनच रशियातील ऑक्टोबर क्रांती नव्या दिनदर्शिकेप्रमाणे 7 नोव्हेंबर 1917 रोजी झालेली दिसते. एका कारणाच्या धाग्यात इतक्या तारखा ओवल्या गेल्या की त्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

शब्दांच्या सदराबद्दल थोडक्यात सांगतो. 'पाणी'साठी जल, नीर, उदक, तोय, सलिल अशी यादी दिली जाते आणि तेथेच टिपण संपते. यांपैकी 'जल' हा शब्द जलाशय, जलविद्युत, जलवाहतूक अशा सामासिक शब्दांत रोजच्या वापरात आहे, तर 'तोय' आणि 'सलिल' आता काव्याबाहेर क्वचितच भेटतात. शब्द कोणत्या वाक्यात शोभतो हे न सांगता समानार्थी शब्दांची रास पुढे ठेवली तर ती परीक्षेत कामी येईल, लिहिताना मात्र उपयोगी पडणार नाही.

माझी खरी तक्रार सामान्यज्ञानाच्या सदराविषयी आहे. चीनची भिंत चंद्रावरून दिसते, ही अनेकदा खोडून काढलेली समजूत या सेवेने तथ्य म्हणून छापली होती. एव्हरेस्टची उंची 8,848 मीटर दिली होती, वास्तविक नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर 2020 मध्ये 8,848.86 मीटर ही सुधारित उंची संयुक्तपणे जाहीर केली आहे. कझाकस्तानच्या राजधानीचे नाव 2019 मध्ये नूर-सुलतान झाले आणि 2022 मध्ये पुन्हा अस्ताना झाले, तरी जुन्या पानावर नूर-सुलतान तसेच आहे. व्याकरणाचा नियम वर्षानुवर्षे टिकतो, पण राजधान्या, उंची आणि विक्रम बदलत राहतात, म्हणून अशा प्रत्येक टिपणाखाली ते कधी तपासले गेले याची तारीख असणे मला अत्यावश्यक वाटते. चूक कळवल्यावर ती दुरुस्त होते, हे मान्य करायला हवे. परंतु दुरुस्ती गुपचूप होते आणि ज्यांनी जुने पान वाचून टिपून घेतले आहे त्यांना तिचा पत्ताच लागत नाही.

उजळणीची सोय मात्र मनापासून कौतुक करावी अशी आहे. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून ते किती वेगाने विसरले जातात, याचे स्वतःवर केलेले प्रयोग जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये प्रसिद्ध केले होते. वाचलेल्यातील बराच भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो आणि अंतराअंतराने केलेली उजळणी तो टिकवते, हे तेव्हापासून माहीत आहे. या सेवेत काही दिवसांपूर्वीचा मुद्दा प्रश्नरूपाने परत येतो, पुढे आणखी मोठ्या अंतराने पुन्हा येतो, आणि पर्याय निवडायचे नसून उत्तर स्वतः लिहायचे असते. पर्यायांतून उत्तर ओळखण्यापेक्षा ते आठवून लिहिणे कठीण असते आणि त्यामुळेच ते पक्के होते. शब्दांच्या सदरालाही हीच रीत लावून, दिलेला शब्द वाक्यात वापरून दाखवायला सांगितले तर त्याची मोठी उणीव भरून निघेल.

जुन्या पानांचा संग्रह सर्वांसाठी खुला आहे, पण तो केवळ तारखेनुसार लावलेला आहे. भावे प्रयोगाचे टिपण पुन्हा वाचायचे असेल तर ते कोणत्या दिवशी आले होते हे आठवावे लागते. विषयवार अनुक्रमणिका आणि शोधाची सोय ही या सेवेची सर्वांत तातडीची गरज आहे, आणि इतकी मेहनत घेऊन लिहिलेली व्याकरणाची पाने हाती लागावीत यासाठी ती लवकर व्हावी, अशी माझी चालकांना आग्रहाची विनंती आहे.