गुजरीतलं दहा एक्सचं भिंग आणि जुनी टार्गेट रिव्हॉल्व्हरं : वापरानंतरचा अनुभव

हिरेपारख्यांचं हे ट्रिपलेट (तीन काचा जोडलेलं), दहा एक्स म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग मी उन्हाळ्यात कोल्हापूरच्या गुजरीतून, म्हणजे सराफ बाजारातून घेतलं. सोन्या-हिऱ्याशी माझा काडीचा संबंध नाही. ओळखीतल्या काही घरांत आजोबा-पणजोबांची टार्गेट (नेमबाजीची) रिव्हॉल्व्हरं परवान्यावर जपून ठेवलेली आहेत. त्यांचा मेक, मॉडेल आणि साल ओळखून नोंद करून द्यायचा मला नाद. दिवाळी उलटून गेली, भिंग अजून खिशात आहे. काच पाचपैकी पाच. अंगचा एलईडी दिवा मात्र पाचपैकी दोन, तेही मन मोठं करून.

हत्यारावरच्या नावा-नंबराचा ठसा म्हणजे धातूतला बारीक खड्डा. समोरून उजेड पडला की खड्डा आणि भोवतालचा भाग सारखेच चकाकतात आणि अक्षर हरवतं. दिवा बंद करा, मोबाइलचा टॉर्च बाजूने, धातूला जवळजवळ टेकवून धरा, मग प्रत्येक अक्षराच्या काठाला सावली धरते. दहा एक्सला भिंग वस्तूपासून साधारण अडीच सेंटीमीटरवर धरावं लागतं, त्यामुळे टॉर्च आत सरकवायला जागा पुरते. तीस एक्स लिहिलेल्या स्वस्त भिंगांत ही जागा राहत नाही, आणि बऱ्याचदा ते तीस एक्स नसतातही.

राजारामपुरीतल्या एका काकांच्या साडेसात इंची बॅरलच्या वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या रिव्हॉल्व्हरवर याचा खरा फायदा झाला. घरात सगळे म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धातलं आहे. वरच्या पट्टीवरची ओळ झिजून गेलेली. तिरप्या उजेडात ‘स्कॉट’च्या पुढे ‘रिव्हॉल्व्हर’ या शब्दाची सुरुवातीची अक्षरं उमटली आणि विषयच संपला. ‘पी. वेब्ली अँड सन’ असेल तर माल 1897 च्या आधीचा. त्या वर्षी कंपन्या एकत्र येऊन ‘वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ झाली, आणि 1906 मध्ये नाव आखडून ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ झालं. म्हणजे काकांचं रिव्हॉल्व्हर पहिल्या महायुद्धाच्याही आधीचं निघालं. काकू म्हणाल्या, “आता तरी ते कपाटातनं हलवा.” काकांनी ऐकलं नाही.

स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या पॉइंट टू-टू (.22) बोअरच्या मास्टरपीस रिव्हॉल्व्हरला भिंगाआधी डोळेच कामाला येतात. नंबराआधी ‘के’ असेल तर महायुद्धानंतरचं. मग स्क्रू मोजायचे, मुठीखाली दडलेला धरून. पाच असतील तर साधारण 1955 च्या आधीचं. त्या सुमारास बाजूच्या प्लेटचा वरचा स्क्रू गेला, 1961 च्या सुमारास ट्रिगर गार्डच्या पुढचाही गेला. 1957 पासून मॉडेल नंबर आला, तो सिलिंडर बाहेर काढल्यावर फ्रेमच्या खाचेत दिसतो. तिथे ‘17’ आणि सुरुवातीचे सोडले तर पुढे डॅश टाकून आकडा असतो. इथे भिंग लागतंच, कारण त्या खाचेत पन्नास वर्षांचं तेल साचून गोंदासारखं झालेलं असतं. मऊ ब्रश आणि थोडं तेल, बाकी काही लावायचं नाही.

मुठीवर मात्र एकदम भरवसा ठेवू नका. स्क्रूभोवती लाकडात राखलेला पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार साधारण 1968 पर्यंतचा, हे खरं. पण मुठी सहज बदलता येतात. जुन्या मुठीच्या उजव्या फळीच्या आतल्या बाजूला रिव्हॉल्व्हरचा नंबर असतो. तो बटच्या (मुठीच्या तळाच्या) नंबराशी जुळला तरच मूठ मूळची. एका ठिकाणी हा फिकट नंबर वाचायला टॉर्च चारी बाजूंनी फिरवावा लागला, आणि शेवटचा आकडा तीन की आठ यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. आठच होता.

भिंगाखाली एक वाईट गोष्टही लगेच कळते, ती म्हणजे बफ मारलेला, म्हणजे यंत्रावर घासून चकाकवलेला माल. अक्षरांचे काठ गोल झालेले, स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगट भाग. चमक नादखुळा, किंमत अर्धी. शिवाय नंबर घासला गेला तर प्रकरण हौसेपुरतं राहत नाही. ओळखचिन्ह नसलेलं हत्यार बाळगायला 1959 च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमाने बंदी आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून कोणतं ठेवायचं हे ठरवताना साल आणि मूळपणा नीट बघणारे लोक वाढलेत. मी बघतो ते परवानाधारकासमोर, त्यांनी स्वतः सिलिंडर उघडून रिकामं दाखवल्यावरच.

तक्रारी दोन. बटण सेल फार लवकर संपतात, आणि मिटायची बिजागरी सैल झाली आहे. आपल्याकडच्या पावसात काचेला बुरशी धरते, म्हणून आषाढापासून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवली. काच अजून स्वच्छ आहे. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात हौसेने नेलं होतं, पण काचेच्या कपाटापलीकडच्या हत्यारावर अडीच सेंटीमीटरचं भिंग काय करणार!

घ्यायचं असेल तर बिनदिव्याचं मागा, स्वस्तही पडतं. दुकानातच दहाच्या नाण्यावरचं साल भिंगाच्या कडेला आणून वाचा. अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसली तर ते ट्रिपलेट नाही, परत द्या.