लिनक्स टाकण्याआधी हार्ड डिस्क किती तास चालली आहे ते बघा

मावसबहिणीने डिप्लोमासाठी असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला. विंडोजचे पैसे वाचावेत म्हणून दोन टीबीची हार्ड डिस्क कोरीच मागितली. विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम मी इन्स्टॉल करून देणार होतो. दुकानदाराने बिलावर डिस्क 'न्यू' लिहिली आणि वर 'लिनक्स लायसन्स'चे पंधराशे रुपये लावले. मिंट फुकट उतरवता येतं, लायसन्स विकत घ्यावं लागत नाही. ते पैसे त्याने फोन केल्यावर मुकाट परत केले. खरी लुबाडणूक डिस्कमध्ये होती.

पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, सुरू केलं. त्यातल्या 'डिस्क्स' प्रोग्राममध्ये एकही पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) नाही, आणि डिस्क स्वतःच्या वापराची नोंद ठेवते त्या स्मार्ट अहवालात पॉवर-ऑन तास, म्हणजे चालू राहिल्याचे तास, अवघे तीन. पण कॅबिनेट उघडून डिस्क बाहेर काढली तर केबल जोडायच्या सॅटा कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे, स्क्रूच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणा. डिस्क सीगेटची होती. त्यांच्या बऱ्याच डिस्कमध्ये फार्म नावाची वापराची आणखी एक वेगळी नोंद असते, स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या प्रोग्रामच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. तिथे तासांचा आकडा निघाला 26,000 च्या वर. वर्षाचे तास 8,760. म्हणजे ही डिस्क कुठल्या तरी मशीनमध्ये जवळजवळ तीन वर्षं रात्रंदिवस फिरली होती. मग तास शून्यावर आणून, सगळं पुसून कोरी म्हणून विकली. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत अशाच डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं होतं.

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "लिनक्स टाकलं की डिस्क बाद होते, वॉरंटी गेली." पण लिनक्स अजून टाकलंच नव्हतं! लाइव्ह सिस्टीम पेनड्राइव्ह आणि रॅमवर चालते, डिस्कवर काही लिहावं लागत नाही. एकदा इन्स्टॉल केलं असतं तर त्याच्याशी हुज्जत घालत बसावं लागलं असतं. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार करतो म्हटल्यावर त्याने डिस्क बदलून दिली. दुसरीची फार्म नोंद आम्ही त्याच्या काउंटरवरच उघडून पाहिली.

पहिली डिस्क मात्र त्याने पुन्हा कपाटात ठेवली. ती उद्या आणखी कुणा विद्यार्थ्याच्या गळ्यात मारली जाईल, याचा मला मनापासून संताप येतो. कृपया बिलावर डिस्कचा सिरियल नंबर लिहून घ्या, तो लेबलशी आणि स्मार्ट अहवालातल्या नंबराशी ताडून बघा, कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा, आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबा.