नॅनोकण निवडताना: क्वांटम डॉट, कार्बन डॉट की सिलिका?

कर्करोगाच्या गाठीपर्यंत औषध न्यायचं आणि ते कुठवर पोचलं हेही प्रकाशात दिसायला हवं, असा प्रकल्प घेणाऱ्याला पहिला मोह क्वांटम डॉटचा, म्हणजे प्रकाश पडला की चमकणाऱ्या अर्धवाहकाच्या नॅनोकणांचा, होतो. साहजिकच आहे. कण मोठा होत गेला की रंग निळ्याकडून लालकडे सरकतो आणि चमक बराच वेळ टिकते. २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांच्या शोधाला मिळालं. पण नेहमीच्या वापरातले डॉट कॅडमियम सेलेनाइडचे असतात, आणि कॅडमियम हा विषारी जड धातू आहे. पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण झालं की कॅडमियमचे आयन सुटतात आणि पेशी मरतात. झिंक सल्फाइडच्या कवचाने हा धोका कमी होतो, संपत नाही. डिशमधल्या पेशींसाठी ते जरूर घ्या. पुढे रुग्णापर्यंत जायचं असेल, तर मी ते घेणार नाही.

कार्बन डॉट स्वस्त. सायट्रिक आम्ल आणि युरिया मायक्रोवेव्हमध्ये तापवूनही ते तयार होतात, जड धातूची भीती नाही. अडचण रंगाची आहे. बहुतेक निळे-हिरवे चमकतात, आणि तो प्रकाश खोलवरच्या गाठीतून बाहेर येत नाही. शिवाय ऊती स्वतःही त्याच रंगात थोड्या चमकतात. जिवंत उंदरात पाहायचं तर ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे गडद लाल ते अवरक्त प्रकाशाचा, पट्टा हवा.

माझा कौल सिलिकाला, म्हणजे वाळूत असतं त्याच द्रव्याला. कॉर्नेल विद्यापीठात उलरिश वीसनर यांच्या गटाने चमकणारं रंगद्रव्य सिलिकाच्या इवल्याशा कणात कोंडलं. २०११ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) माणसांवरच्या चाचणीला परवानगी दिली आणि पसरलेल्या मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) पाच रुग्णांना ते कण दिले गेले. कण सहा-सात नॅनोमीटरचे, त्यामुळे मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. शरीरात घातलेलं परत बाहेर येतं, हे मला चमकेपेक्षा मोलाचं वाटतं. मात्र एवढ्याशा कणावर औषध थोडंच मावतं. जास्त औषध हवं तर शंभर नॅनोमीटरच्या आसपासचं लिपोसोम (मेदाच्या पडद्याची पोकळ पिशवी) घ्यावं लागेल, आणि त्यातला मोठा वाटा यकृत-प्लीहेत अडकेल हे धरून चालावं लागेल.

कोणताही कण घ्या, दिसतो तो कणाचा किंवा त्यातल्या रंगद्रव्याचा प्रकाश, औषधाचा नाही. औषध किंवा रंगद्रव्य वाहक कणापासून सुटलं, तर औषध एकीकडे आणि चमक दुसरीकडे. याला डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध चांगला अपवाद: ते स्वतःच नारिंगी-लाल चमकतं, लिपोसोममध्ये दाटीने भरलं की मंदावतं आणि सुटलं की पुन्हा उजळतं. बाकीच्या औषधांसाठी गाठीचा तुकडा काढून त्यातलं औषध एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) वेगळं मोजा. त्याचा खर्च आणि वेळ पहिल्याच आराखड्यात धरा.